पाहिलंस की वाटलं?

३ ऑक्टोबर

बाबा,

मायना घातलेला नाही. कोणता घालावा हे ठरेना आणि त्यापायी पत्र अडून बसलं होतं. शेवटी तो वगळला.

मुद्दा एकच आहे. तुम्ही इथे येऊ नका.

तुम्ही वायरमनचं वकीलपत्र घेणार आहात हे मला आईकडून कळलं आणि आईला ते तुमच्याकडून. म्हणजे तुम्ही दोघं फोनवर बोलता. हे मला माहीत नव्हतं. कधीपासून बोलता ते मी विचारलेलं नाही. तिला म्हटलं, त्यांना नको म्हणून सांग. ती म्हणाली, "मी सांगू? मी नको म्हटलं तर तो आदल्या दिवशीच येऊन बसेल. तूच लिही."

म्हणून लिहिते आहे. तुमचं वकीलपत्र अजून दाखल झालेलं नाही, तोवर हे पत्र लिहिणं नियमात बसतं असं मी धरलंय.

वर्तमानपत्रात बरंच तिखटमीठ लावून आलंय, त्यामुळे नेमकं काय झालं ते सांगते. इथल्या पोहण्याच्या तलावात सकाळच्या वर्गाच्या वेळी पाण्याखालच्या दिव्यातून करंट पाण्यात उतरला. दोन मुलं गेली. असा करंट गळला की त्याच क्षणी वीज तोडणारा एक ब्रेकर असतो. तो पंपाच्या खोलीत होता. त्याने वीज तोडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी विद्युत निरीक्षक म्हणून मी तिथे गेले आणि पॅनल उघडलं. ब्रेकरला वळसा घालून तारेचा एक तुकडा जोडलेला होता. आम्ही त्याला जंपर म्हणतो. तो असला की ब्रेकर असून नसल्यासारखा. मी तसा अहवाल दिला. त्या अहवालावरून तलावाच्या वायरमनला अटक झाली. सरकारी बाजूची मुख्य साक्षीदार मी आहे.

म्हणजे तुम्ही आलात तर माझा उलटतपास तुम्हीच घेणार. पण मी नको म्हणते आहे त्याचं हे मुख्य कारण नाही.

इथल्या वकिलांच्या संघटनेने ठराव केलाय की वायरमनचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. ठराव एकमताने झाला आणि बाहेर उभ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तरीही एक तरुण वकील तुरुंगात जाऊन त्याला भेटून आला. दुसऱ्या दिवशी त्याची पाटी गटारात सापडली. मग त्याच्या बायकोची तब्येत अचानक बिघडली आणि दोघं तिच्या माहेरी निघून गेले. बायको मला आदल्याच संध्याकाळी भाजी घेताना दिसली होती. ठणठणीत होती.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर औषधाचं दुकान आहे. गेलेल्या मुलांपैकी मुलगी त्या दुकानदाराची. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच्याकडूनच येतात. तो आरडाओरडा करत नाही, मोर्च्यातही गेला नाही. मी जिना उतरले की काउंटरमागून हळू आवाजात विचारतो, "ताई, आपला रिपोर्ट भक्कम आहे ना?" मी हो म्हणते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा विचारतो आणि मी पुन्हा हो म्हणते. वायरमनच्या बाजूने उभा राहिलेला म्हातारा माझा बाप आहे हे कळल्यावर तो काय विचारेल, याची मला धास्ती आहे. त्याने ओरडून विचारलं तर सोसेन. त्याने हळू विचारलं तर काय करू, ते सुचत नाही.

तुम्हाला हे नवीन नाही. मी सातवीत असताना तुम्ही त्या डॉक्टरचं वकीलपत्र घेतलं होतंत, ज्याच्या इंजेक्शनने बाळंतीण गेली असं सगळं गाव म्हणत होतं. दूधवाल्याने आपलं दूध बंद केलं. माझ्या बाकावर कुणी बसेना. एकदा जेवताना मी विचारलं, "बाबा, त्यानेच मारलं ना तिला?" तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात आणि म्हणालात, "पाहिलंस की वाटलं?"

तुमचा हा नेहमीचाच प्रश्न. मांजराने दूध सांडलं म्हटलं तरी तोच. सांडलेलं दूध दिसत असे, मांजर दिसत असे, पण सांडताना पाहिलेलं नसे. मग मला "वाटलं" म्हणावं लागे आणि मांजर सुटे. त्या दिवशी मात्र मी ताटावरून उठले. त्याच आठवड्यात आईने बॅग भरली.

त्या डॉक्टरचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

तुमचं वय झालंय. इथे तुमच्या ओळखीचं कुणी नाही, आणि जी आहेत त्यांना तुमच्यामुळे पुन्हा एकदा गाव सोडायचं नाही. येऊ नका.

१९ ऑक्टोबर

बाबा,

तुम्ही आलात.

हे पत्र मी पाठवणार नाही, निदान साक्ष होईपर्यंत तरी नाही. सरकारी साक्षीदाराने बचावाच्या वकिलाला पत्र लिहायचं नसतं. पण लिहिल्याशिवाय मला नीट विचार करता येत नाही आणि ज्याला लिहायचं असा दुसरा माणूस नाही. म्हणून लिहून ड्रॉवरमध्ये ठेवणार आहे.

काल कोर्टाच्या व्हरांड्यात तुम्हाला पाहिलं. खांबाआड उभी होते. कोट तोच आहे. कोपरापाशी आईने केलेला रफू लांबूनही ओळखू आला. वकिलांच्या खोलीत तुम्ही शिरलात तेव्हा आत खुर्च्या होत्या, पण प्रत्येक रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी बॅग ठेवली. तुम्ही खोलीभर एकदा नजर फिरवलीत आणि म्हणालात, "बॅगांना बसू द्या, त्या दमल्या असतील." कुणी हसलं नाही. मग टंकलेखनवाल्याकडे गेलात. तो म्हणाला, "मशीन बिघडलंय." त्याची बोटं मशीनवर चालू होती. तुम्ही म्हणालात, "माझं अक्षरही बिघडलंय. बघतो, त्याचं भागतंय का." आणि पायरीवर बसून मांडीवर फाइल घेऊन अर्ज हाताने लिहू लागलात.

तुमच्या शेजारी वायरमनची बायको बसली होती. मांडीवर तान्हं बाळ. या बाळंतपणासाठीच तो रजेवर होता. अपघात झाला तेव्हा दोन आठवडे तो तलावाकडे फिरकलेला नव्हता. करंट लागल्याची बोंब झाल्यावर त्याला घरून बोलावून घेतलं. सरकारी बाजूचं म्हणणं असं की ब्रेकर सारखा पडायचा, म्हणजे वीज तोडायचा, लोक कुरकुर करायचे, म्हणून रजेवर जाण्याआधी त्याने जंपर टाकून ठेवला. तलावाच्या व्यवस्थापकाने तसा जबाब दिलाय. वायरमनचं म्हणणं उलट आहे. ब्रेकर पडायचाच नाही, चाचणीचं बटण दाबलं तरी पडायचा नाही, आणि हे त्याने व्यवस्थापकाला सांगितलं होतं. जंपर त्याचा नाही.

हे सगळं कागदावर आहे. तुम्ही वाचलंच असेल.

मी तुमची मुलगी आहे हे मी कोर्टाला आणि आमच्या ऑफिसला आधीच लेखी कळवलं होतं. न्यायाधीशांनी सरकारी वकीलबाईंना विचारलं, काही हरकत? त्या म्हणाल्या, "मुळीच नाही. बापलेकीचं फार सख्य आहे असं ऐकलेलं नाही." कोर्टात हशा पिकला. तुम्हीही हसलात. मी हसले नाही.

घरी आले तर आई डबा भरत होती. आमच्या दोघींपुरता नव्हता.

"हा कुणाला?"

"आहे एकाला."

"आई, मी सरकारी साक्षीदार आहे. तू आरोपीच्या वकिलाला डबा देतेस?"

"वकिलाला कशाला देऊ? तो उपाशी मेला तरी चालेल. हा त्यातल्या माणसाला आहे." आणि झाकण घट्ट दाबून म्हणाली, "त्याला लॉजवाल्याने खोली सोडायला सांगितलीय. खिडकीवर दगड आला म्हणे. काच वेचताना हात कापला त्याचा. याला कुणी सांगितलं होतं काच वेचायला?"

मी हातपाय धुवायला गेले आणि नळ सोडून बराच वेळ तशीच उभी राहिले.

आता जे घडलं ते. आज सकाळी ऑफिसला निघताना दार उघडलं तर बाहेरच्या हँडलला तांब्याची तार गुंडाळलेली होती. उघडी, वेष्टण काढलेली. वेढे एकमेकांना चिकटून, एकसारखे. घाईत गुंडाळलेली नव्हती. कुणीतरी माझ्या दाराशी शांतपणे उभं राहून, आतून आमची भांडी वाजत असताना, ती गुंडाळली होती.

हँडल लोखंडी आहे. मी आधी टेस्टर लावून पाहिलं. करंट नव्हता. मग तार सोडवली आणि पर्समध्ये ठेवली. आईला सांगितलं नाही. पोलिसांकडेही गेले नाही. तारेचा तुकडा सापडला अशी तक्रार घेऊन गेले असते तर त्यांनी काय लिहून घेतलं असतं?

खाली दुकानदाराने विचारलं, "ताई, भक्कम आहे ना?" हो म्हणताना माझा आवाज मलाच परका वाटला.

२ नोव्हेंबर

बाबा,

हेही ड्रॉवरसाठी.

आज मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, पाणी मागवलं. साहेब पाणी मागवतात तेव्हा काहीतरी गिळायला लावायचं असतं, असं आमच्या ऑफिसात म्हणतात.

"साक्षीची तयारी झाली?"

"अहवाल पुन्हा वाचला, सर."

"बस. तेवढंच करायचं. अहवाल वाचायचा आणि खाली उतरायचं. विचारतील तेवढंच सांगायचं. न विचारलेलं तर मुळीच नाही. तुमचे वडील समोर आहेत म्हणून सांगतो. लोक म्हणतील, घरात ठरवून आले."

तलावाचा व्यवस्थापक आधीपासून कोपऱ्यात बसला होता. त्याचं तिथे काय काम होतं ते कुणी सांगितलं नाही. मी उठले तसा तोही उठला आणि माझ्यासाठी दार धरून उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, घरच्या दाराचं हँडल वगैरे ठीक आहे ना? सैल झालं असेल तर सांगा. आमच्याकडे माणसं आहेत."

मी त्याला म्हटलं, "ठीक आहे. धन्यवाद." माझे शब्द हे एवढेच होते. टेबलाशी परत येईपर्यंत भिंतीला हात लावत चालले.

आता तुम्हाला जे कधीच सांगता येणार नाही ते लिहिते, म्हणजे डोक्यातून तरी उतरेल.

पंपाच्या खोलीत क्लोरीनची पिंपं असतात. त्या हवेत तांबं टिकत नाही. पॅनलमध्ये जितक्या तारा होत्या त्यांची उघडी टोकं काळपट-हिरवी पडलेली होती. फक्त जंपरची टोकं लखलखीत होती, नुकत्या घासलेल्या भांड्यासारखी.

हे मी पाहिलं. वाटलं नाही, पाहिलं.

अहवालात ते नाही. फोटो मोबाइलच्या उजेडात काढलेत, त्यांत सगळंच तांबं चमकतं. तेव्हा माझ्यापुढे प्रश्न होता: संरक्षण चालू होतं की वळवलेलं? जंपर दिसला, उत्तर मिळालं, मी थांबले. ब्रेकर मुळात चालतो का हे तपासलंच नाही. तो सील होऊन कोर्टात पडलाय. तो आधीच बंद पडलेला असेल, तर जंपरमुळे ते झाकलं गेलं आणि दोष वायरमनवर आला. बाहेर फरशीवर गेलेल्या दुसऱ्या मुलाची आई बसली होती आणि मुलाचा टॉवेल पिळत होती. टॉवेल कोरडा होता. मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. टोकं नजरेत आली आणि मी पुढे गेले. त्यांचा अर्थ मला लागला तो वायरमनच्या रजेचं वाचलं तेव्हा, आणि तोवर अहवाल गेला होता.

दोन आठवडे आधी टाकलेला जंपर त्या हवेत लखलखीत राहील का? अंदाजावर मी विश्वास ठेवत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. हँडलवरची तार होतीच. तिचा एक तुकडा कापला, घासला आणि झाकणाच्या डब्यात ब्लीचिंग पावडरीशेजारी गॅलरीत ठेवला. ही चाचणी प्रयोगशाळेत टिकणार नाही. प्रमाण वेगळं, ओल वेगळी. तरीही सांगते: तीन दिवसांत चमक गेली. आठवड्यात तार मळकट हिरवी झाली. मला घाबरवायला आणलेली तार मला एवढंच सांगून गेली.

मग जंपर कधी पडला? अपघातानंतर आणि मी जाण्याआधी पंपाच्या खोलीची किल्ली व्यवस्थापकाकडे होती. पण त्याने टाकला असं मी म्हणणार नाही. ते मी पाहिलेलं नाही. मी एवढंच म्हणू शकते की तो वायरमनने रजेआधी टाकला असं माझ्या अहवालावरून जे सगळे धरून चाललेत, ते टिकत नाही.

हे मी सरकारी वकीलबाईंना सांगायला गेले होते. दारापर्यंत गेले. त्या फोनवर हसत होत्या. मी परत आले. त्या हसत होत्या म्हणून परत आले असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

मला सगळ्यांची भीती वाटते. व्यवस्थापकाची, साहेबांची, रस्त्यात मला पाहून ज्या बायका "हिनेच पकडून दिला त्याला" असं कौतुकाने म्हणतात त्यांची. दुकानदाराची सर्वांत जास्त. त्याच्याकडे आता एवढंच उरलंय की दोषी माणूस सापडला. ते मी त्याच्या हातातून काढून घेणार.

आणि तुमची. कारण तुम्ही तो प्रश्न विचारणार आणि तुमच्यापुढे मला खोटं बोलता येत नाही. सातवीतही आलं नव्हतं. दुसरं कुणी असतं तर मी नियमावर बोट ठेवून निभावून नेलं असतं. तुम्ही विचारलंत की मात्र सुटका नाही.

कधी कधी वाटतं, तीच एक सुटका आहे.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ

बाबा,

तुम्ही विचारलं नाहीत.

सरकारी वकीलबाईंनी अहवाल माझ्याकडून वदवून घेतला. ओळ न् ओळ. त्या बसल्या आणि तुम्ही उठलात. काचेने कापलेल्या उजव्या हाताला अजून पट्टी होती. मी कठडा घट्ट धरला. दुकानदार तिसऱ्या बाकावर होता, व्यवस्थापक दाराजवळ.

"आपलं शिक्षण?" तुम्ही विचारलंत.

सांगितलं.

"या खात्यात किती वर्षं?"

सांगितलं.

"पॅनल आपण कधी उघडलंत?"

"अपघाताच्या दुसऱ्या दिवशी दुपारी."

पुढचा प्रश्न कुणालाही सुचला असता. परवा सनद मिळालेल्या पोराने विचारला असता. मग अपघाताच्या वेळी जंपर होता हे आपण पाहिलंत, की आपल्याला वाटलं? मी उत्तर जुळवून तयार होते. लखलखीत टोकं, काळपट टोकं, सील केलेला ब्रेकर. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग फाइल मिटलीत.

"एवढंच," म्हणालात.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "झालं? आणखी काही नाही?"

"नाही."

वायरमनने मान वळवून तुमच्याकडे पाहिलं. इतके महिने कुणी वकील नव्हता तेव्हाही त्याचा चेहरा असा झाला नव्हता. त्याच्या बायकोला काही कळलं नाही, ती बाळाला थोपटत होती. सरकारी वकीलबाईंनी सुस्कारा सोडला, इतका मोठा की त्यांच्या पुढ्यातला कागद हलला. आणि मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरा म्हणून सांगण्यात आलं, आणि मी उतरले. एक शब्द न बोलता. साक्षीदाराने न विचारता बोलायचं नसतं, हे खरं आहे. पण मी गप्प राहिले ते त्यामुळे नाही.

घरी येऊन आईला म्हटलं, "बाबांना झालंय काय? बरं नाहीये का?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने वर पाहिलं नाही.

"मी सांगितलं होतं त्याला."

"काय?"

"तुला वगळ म्हणून. दारावरची तार तू लपवलीस म्हणजे मी आंधळी झाले का गं? गॅलरीत डबा ठेवून रोज वास घेत बसतेस. आई आहे मी, शेजारीण नाही." तिचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "म्हटलं त्याला, एकदा तुझ्या वकिलीपायी माझी पोर वाळीत पडली. या वेळी तिचा गळा पुढे करू नकोस. दुसरा काही मार्ग काढ."

"आणि ते काय म्हणाले?"

"काही नाही. डबा उघडला, परत लावला. मग म्हणाला, बरं." तिने घडी विस्कटली आणि पुन्हा घातली. "जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं मेल्याने."

बाबा, सातवीपासून मला हेच हवं होतं. लोकांसाठी उभं राहताना तुम्ही एकदा तरी मागे वळून आम्हाला पाहावं. आज पाहिलंत. तुम्ही एका माणसासाठी उभे राहायला आलात आणि माझ्यासाठी खाली बसलात. मला आनंद व्हायला हवा होता. माझे हात अजून गार आहेत.

तुम्ही घाबरू शकता हे मला माहीत नव्हतं. तुम्ही घाबरलात तर त्या खोलीत न घाबरणारं कुणीच उरत नाही. मग त्या ठरावाला तरी अर्थ काय राहिला? टाळ्या वाजवणाऱ्यांना हवं होतं तेच झालं, फक्त वकील हजर होता.

विचारलं असतंत तर मी खरं सांगितलं असतं असं मी आज छातीठोकपणे म्हणू शकत नाही. म्हणूनच विचारायला हवं होतं. मी आपणहून बोलण्याइतकी धीट नाही. मी विचारल्यावर खरं बोलते, तेवढंच मला येतं. ते तुम्ही शिकवलंत आणि अर्ध्यावर सोडून दिलंत.

तेव्हा आता नीट वाचा. उद्या सकाळी साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज द्या. ब्रेकर तपासायला पाठवा अशीही मागणी करा. जंपरच्या टोकांबद्दल मी जे पाहिलं ते एका वेगळ्या कागदावर लिहिलंय, सहीसकट. तोच कागद मी सकाळी सरकारी वकीलबाईंच्या हातात देणार आहे, त्या फोनवर हसत असल्या तरी. आपल्या दोघांत लपूनछपून काही झालं असं कुणाला म्हणता येऊ नये. हे पत्र आणि ड्रॉवरमधली दोन आई डब्यासोबत घेऊन येईल. ती नाही म्हणाली. मग म्हणाली, "आण इकडे. तू आणि तो, दोघं एकाच मातीचे."

त्या डॉक्टरचं पुढे काय झालं तेही मला सांगा. आता विचारते आहे.

त्याच दिवशी, दुकान बंद व्हायच्या आधी

आई पिशवी घेऊन निघाली होती, तिला थांबवून हे चार शब्द लिहिते आहे.

तिच्या गोळ्या संपल्या होत्या. मी खाली गेले. त्याला उद्या कोर्टात किंवा परवा पेपरात कळावं असं मला नको होतं. जिन्यात दोनदा थांबले. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मुलीचा फोटो त्याने थर्मामीटरच्या खोक्यांशेजारी ठेवलाय, पोहण्याची टोपी घातलेला.

त्याने गोळ्यांची पट्टी काढली आणि नेहमीसारखं हळू आवाजात विचारलं, "आज छान बोललात. भक्कम आहे ना, ताई?"

मी म्हटलं, "नाही."

तो पट्टी कापत होता. कात्री मध्येच थांबली. मी त्याच्या हाताकडे पाहत होते, कात्रीकडे. पळायचं झालं तर दार किती लांब आहे ते माझ्या नजरेने आपोआप मोजलं. मी सांगितलं, मला परत बोलावतील. मी काहीतरी पाहिलं होतं जे सांगितलं नाही. वायरमनने ते केलं असं माझ्या अहवालावरून म्हणता येत नाही.

मग कात्री पुन्हा चालली. गोळ्या कागदी पिशवीत घातल्या, पिशवीचं तोंड दुमडलं, आणि ती माझ्यापुढे सरकवताना हात न काढता त्याने विचारलं,

"मग कोणी?"

बाबा, मला उत्तर माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं. तो वाट पाहत उभा आहे, मी वर आले तेव्हाही तसाच उभा होता. उद्या तुम्ही मला विचारा.